शिपायाच्या पेटींतील इतिहास

शिराळ्याचें नांव महाराष्ट्रांत दोन गोष्टींसाठीं घेतलें जातें. एक तेथील नागपंचमी, आणि दुसरी समर्थ रामदासांनीं स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकीं तेथील मारुति. बत्तीस शिराळा या नांवानेंही ओळखलें जाणारें हें गांव मोरणा नदीच्या कांठीं वसलें असून त्याच्या पश्चिमेस सह्याद्रि आणि दक्षिणेस वारणेचें खोरें आहे. ब्रिटिश अमदानींत हा मुलूख सातारा जिल्ह्याच्या वाळवें तालुक्याचा एक पेटा म्हणून मोडत असे. १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. या मुलखाचा जुना इतिहास किल्ले, देवस्थानें आणि वतनें यांच्या आधारें लिहितां येतो. परंतु विसाव्या शतकांतील त्याचा एक अध्याय कोणत्याही किल्ल्यावर वा देवळांत सांपडावयाचा नाहीं. तो घरांच्या माळ्यांवर, पत्र्याच्या काळ्या पेट्यांतून, जुन्या धोतराच्या फडक्यांत बांधून ठेवलेला आहे. दोन महायुद्धांच्या काळांत समुद्र ओलांडून गेलेल्या शिपायांचा तो अध्याय होय.

सातारा जिल्हा हा लष्करी भरतीचा जुना मुलूख. डोंगरउताराची जमीन थोडी, घरांत खाणारीं तोंडें अधिक, आणि रोख पैसा मिळविण्याचे मार्ग मुख्यतः दोनच : मुंबईची गिरणी किंवा लष्कराची पलटण. पहिल्या महायुद्धांत हिंदुस्थानांतून १० लाखांहून अधिक माणसें परदेशीं धाडण्यांत आलीं. त्यांतील सुमारें ७४ हजार परत आलीं नाहींत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी सैन्याची संख्या २५ लाखांच्या घरांत गेली होती. त्या युद्धांत सुमारें ८७ हजार कामास आले. हे आंकडे मोठे आहेत. पण आंकडा कितीही मोठा असला तरी त्याला चेहरा नसतो. शिपायाच्या घरांतील कागदांचें महत्त्व कोठें आहे हें समजण्यासाठीं प्रथम या आंकड्यांची आणि नांवांची गोष्ट पाहिली पाहिजे.

१९१५ सालच्या डिसेंबरांत मेसोपोटेमियांतील कुत-अल-अमारा या तैग्रिस नदीकांठच्या गांवांत जनरल टाउनशेंडचें सैन्य तुर्कांच्या वेढ्यांत सांपडलें. तें सैन्य म्हणजे सहावी, अर्थात् पुणें डिव्हिजन. तींत १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. धान्य संपत आलें तेव्हां घोडे कापण्यांत आले. धर्माच्या भीतीनें हिंदी शिपायांनीं बरेच दिवस तें मांस नाकारलें, आणि अर्धपोटीं राहून पहारे केले. शेवटीं विमानांतून पिठाचीं पोतीं खालीं टाकण्याचा प्रयत्न झाला. तोही अपुरा पडला. शरणागतीच्या दिवशीं शिपाई आणि नोकरचाकर मिळून सुमारें १३ हजार माणसें कैदेंत गेलीं. वाळवंटांतून त्यांची पायीं रवानगी झाली आणि पुढें अनेकांना रेल्वेच्या बांधकामावर जुंपण्यांत आलें. उपासमार, ऊन आणि आजार यांनीं त्यांतील हजारों मेले. कोण कोठें पडला, हें लिहून ठेवण्यास पुष्कळ वेळां बाजूला कोणी नव्हतें.

या आघाडीवर मेलेल्या आणि ज्यांची कबर ठाऊक नाहीं अशांचें स्मारक बसरा येथें १९२९ सालीं उभें राहिलें. १९९७ सालीं इराकी सरकारनें तें मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेलें. ४० हजारांहून अधिक मृतांचें तें स्मारक आहे. त्याच्या शिलांवर ब्रिटिश शिपायांचीं नांवें आहेत. हिंदी अंमलदारांचीं, म्हणजे सुभेदार-जमादारांचीं, नांवेंही आहेत. परंतु हवालदार, नाईक आणि साधा शिपाई यांचीं नांवें मुळांत तेथें कोरलीं गेलीं नाहींत. पलटणीचें नांव, आणि त्याखालीं इतके इतके, एवढाच उल्लेख दगडावर आला. नांवें कागदी नोंदवह्यांवर सोपविलीं गेलीं. साम्राज्याच्या मृतांना समान वागणूक मिळाली नाहीं, हें कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननें २०२१ सालीं स्वतःचा अहवाल प्रसिद्ध करून मान्य केलें आणि त्याबद्दल क्षमा मागितली.

हीच रीत मायदेशींही दिसते. पहिलें महायुद्ध संपल्यावर ज्या गांवांतून पुष्कळ भरती झाली तेथें सरकारनें दगडी पाट्या बसविल्या. या गांवांतून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले आणि त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले, असा त्यांचा साधारण मजकूर. साताऱ्याजवळील आपशिंगें हें गांव शिपायांचें गांव म्हणून प्रसिद्ध आहे, आणि पहिल्या महायुद्धांत गांवचे ४६ जण कामास आले असें तेथें सांगितलें जातें. अशा पाटीवरील संख्या वाचून गांवाला अभिमान वाटतो, आणि तो योग्यही आहे. पण त्या संख्येंत कोणाचा थोरला होता आणि कोणाचा एकुलता एक होता, हें दगड सांगत नाहीं. बसऱ्याचा दगड आणि गांवच्या चावडीचा दगड, दोघांनींही शिपाई मोजला. त्याचें नांव मात्र त्याच्या घरीं राहिलें.

तें घरीं राहिलें हें केवळ अलंकारिक बोलणें नव्हे. युद्धानंतर मृताच्या वारसाला ब्रिटिश सरकारकडून पांच इंच व्यासाची कांशाची थाळी देण्यांत येई. साम्राज्यभर अशा १३ लाखांहून अधिक थाळ्या वांटण्यांत आल्या. त्या थाळीवर मृताचें नांव उठावाच्या अक्षरांत असे, आणि सर्वांचा त्याग सारखा म्हणून नांवापुढें हुद्दा मुद्दामच घातलेला नसे. बसऱ्याच्या भिंतीवर ज्या शिपायाचें नांव नाहीं, त्याचें नांव या थाळीवर पूर्णपणें सांपडण्याचा संभव आहे. पदकांचीही गोष्ट अशीच आहे. पहिल्या महायुद्धाच्या पदकाची कड उजेडांत तिरपी धरली कीं बारीक अक्षरें दिसतात : नंबर, हुद्दा, नांव आणि पलटण. ब्रिटिश वॉर मेडल हें पदक शिपायांना रुप्याचें मिळे. मजूर तुकड्या आणि छावणीचे नोकर यांना तेंच कांशाचें मिळे. घरांतील पदक काळवंडलें आहे कीं तांबूस आहे, एवढ्यावरूनही आजोबा बंदूक घेऊन गेला कीं ओझें वाहण्यास गेला याचा अंदाज बांधतां येतो.

पदकावर पलटणीचा जो नंबर असतो त्यालाही अर्थ आहे. १९२२ सालीं लष्कराची फेररचना झाली आणि जुने आंकडे बदलले. १०३ वी पलटण ही पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन बनली, १०५ वी ही दुसरी, ११० वी ही तिसरी, ११६ वी ही चौथी आणि ११७ वी ही पांचवी, रॉयल, बटालियन. ११४ वी ही बेळगांवची शिक्षण देणारी बटालियन ठरली. कुतच्या वेढ्यांत उपाशी राहिलेल्या ११० व्या पलटणीचीच वारस अशी तिसरी बटालियन पुढें इटलींत लढली. १० जुलै १९४४ रोजीं तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत तिच्यांतील नाईक यशवंत घाडगे यांनीं शत्रूचें मशीनगनचें ठाणें एकट्यानें घेतलें आणि तेथेंच ते पडले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, व तो १९४५ सालीं त्यांच्या पत्नीच्या हातीं देण्यांत आला. ते मूळचे माणगांव तालुक्यांतील पळसगांवचे. त्यांची कबर नाहीं; त्यांचें नांव कॅसिनो येथील स्मारकावर आहे. २०२३ सालीं इटलींतील मोंतोने या गांवानें त्यांच्या स्मरणार्थ छायायंत्र उभारलें. दूरच्या परक्या गांवाला आठवण राहते, कारण नांव आणि दिवस यांची नोंद पक्की आहे.

परंतु प्रत्येक घरांत व्हिक्टोरिया क्रॉस नसतो. बहुतेक घरांतील ठेवा अगदीं साधा असतो. लष्करांतून सुटल्याचा दाखला, पेन्शनचा कागद, मनीऑर्डरचें फाटकें कूपन, डोक्यावर फेटा, शेजारीं कुंडी, मागें रंगविलेला पडदा असें बेळगांव किंवा पुण्यास काढलेलें छायाचित्र, अंगावरील पट्ट्याचें पितळी बक्कल, आणि कधीं कधीं चारदोन पत्रें. यांतील पत्रें सर्वांत दुर्मिळ होत. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें गेलेल्या हिंदी शिपायांचीं पत्रें तपासण्यासाठीं सरकारनें स्वतंत्र कचेरी उघडली होती. त्या कचेरीनें निवडक उतारे इंग्रजींत भाषांतर करून अहवालांस जोडले, आणि ते आज लंडन येथील ब्रिटिश लायब्ररींत आहेत. मूळ पत्रें बहुतेक नष्ट झालीं. म्हणजे लक्षावधि हिंदी शिपायांचा आवाज आज इतिहासाला ऐकूं येतो तो मुख्यतः परक्या भाषेंत, आणि तोही सरकारला जेवढा ऐकावासा वाटला तेवढाच. अशा स्थितींत एखाद्या शिराळकर घरांत मोडी लिपींत लिहिलेलें, किंवा पलटणींतील लेखनिकाकडून बालबोधांत लिहवून घेतलेलें एखादें पत्र निघालें, आणि त्यांत बैल विकला काय, पाऊस कसा आहे, सावकाराला किती दिले, एवढेंच विचारलेलें असलें, तरी तें त्या मोठ्या संग्रहांतील शंभर उताऱ्यांच्या तोडीचें आहे. तें त्याच्या स्वतःच्या भाषेंत आहे.

कांहीं शिपायांच्या बाबतींत तर घरचा कागद हाच एकमेव आधार ठरतो. १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभारण्यांत आली आणि १९२१ सालीं ती मोडण्यांत आली. महार रेजिमेंट पुन्हां उभी राहिली ती १९४१ सालीं, बेळगांव येथें. मधल्या वीस वर्षांत त्या मोडलेल्या पलटणीची आठवण वाहणारें ना पथक होतें, ना त्यांचें संग्रहालय. अशा पलटणींतून परत आलेल्या माणसानें आपला दाखला जपून ठेवला असेल तर पलटणीचा इतिहास त्याच्या पेटींत आहे, एरव्हीं तो फारसा कोठेंच नाहीं.

इतर देशांनीं ही गोष्ट वेळींच ओळखली. लंडन येथील इम्पीरियल वॉर म्यूझियम १९१७ सालीं, म्हणजे युद्ध चालूं असतांनाच, स्थापन झालें आणि त्यानें मृतांच्या घरच्यांकडून छायाचित्रें मागविण्यास तेव्हांच सुरुवात केली. पंजाब सरकारनें पहिल्या महायुद्धानंतर गांववार नोंदवह्या केल्या होत्या. सुमारें ३ लाख २० हजार शिपायांच्या नोंदी असलेल्या त्या वह्या लाहोरच्या संग्रहालयांत दीर्घकाळ पडून होत्या. २०२१ सालीं त्यांचा पहिला भाग संगणकावर सर्वांस खुला झाला आणि देशोदेशीं पांगलेल्या पंजाबी कुटुंबांना आपल्या पणज्याचें नांव आणि गांव सांपडूं लागलें. वारणेच्या खोऱ्यांतील कुटुंबांपुढें अशी तयार वही आलेली नाहीं. येथें वही घरांनींच मिळून करावयाची आहे.

मात्र वेळ थोडा आहे. सह्याद्रीच्या पायथ्याचा पावसाळा कागदाला मानवत नाहीं. ओल, कसर आणि वाळवी हे तीन शत्रु नेहमींचेच. त्यांत २००५, २०१९ आणि २०२१ या सालीं कृष्णा-वारणेच्या पुरांनीं नदीकांठच्या गांवांतील घरेंच्या घरें पाण्याखालीं घेतलीं. पाण्यापेक्षांही माणसांच्या हातून होणारा नाश मोठा आहे. वांटणीच्या वेळीं जमिनीचे तुकडे मोजून होतात, पण पेटी कोणाच्या वांट्याची याचा विचार होत नाहीं. रुप्याचा भाव चढला कीं पदक सोनाराकडे जातें, थाळी मोडींत जाते. मोडी वाचणारा म्हातारा गेला कीं पत्र हा नुसता कागद उरतो, आणि कागद चुलीला लागतो.

या ठिकाणीं एक शंका काढली जाते, आणि ती टाळण्यासारखी नाहीं. हे शिपाई परक्या सरकारचे चाकर होते. त्यांचे कागद कशासाठीं जपावयाचे? शिराळ्याजवळील बिळाशी हें गांव १९३० सालच्या जंगल सत्याग्रहानें गाजलें. १९४३ पासून १९४६ पर्यंत याच सातारा जिल्ह्यांत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं प्रतिसरकार चाललें. ज्या दिवसांत इकडचीं पोरें भूमिगत होऊन सरकारी खजिना लुटीत होतीं, त्याच दिवसांत त्याच मुलखांतील दुसरीं पोरें त्याच सरकारच्या गणवेशांत आफ्रिकेंत, ब्रह्मदेशांत आणि इटलींत लढत होतीं. या दोन वाटा एकमेकींच्या विरुद्ध होत्या हें खरें. पण त्या एकाच मातींतून, पुष्कळदां एकाच दारिद्र्यांतून निघाल्या होत्या. एका वाटेचे कागद जपून दुसरीचे जाळले तर जिल्ह्याचा इतिहास अर्धा राहील, आणि अर्धा इतिहास हा पुष्कळदां खोटा असतो. दप्तरखाना हा सत्काराचा मांडव नव्हे. तेथें ठेवलेला कागद कोणाचा गौरव करीत नाहीं, तो साक्ष देतो. शिपाई कां गेला, काय समजून गेला, परत आल्यावर त्याचें मन कसें बदललें, याचा निवाडा पुढील पिढ्यांनीं करावयाचा असेल तर साक्षीदार जिवंत ठेवला पाहिजे.

कागद जपण्याचें हें काम महाराष्ट्राला नवें नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं काढला तो सातारा जिल्ह्यांतीलच वाई येथें सांपडलेल्या कागदांवरून. पुढें १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. राजवाड्यांच्या मरणानंतर १९२७ सालीं धुळ्यास त्यांच्या नांवाचें मंडळ उभें राहिलें. वाण्याच्या दुकानांत पुड्या बांधण्यासाठीं निघालेल्या रद्दींतून त्या पिढीनें राज्यांचा इतिहास परत मिळविला. फरक एवढाच कीं तेव्हां सरदारांचीं दप्तरें शोधावयाचीं होतीं, आतां साध्या शिपायाचा रुमाल सोडवावयाचा आहे.

तो रुमाल सोडवितांना कांहीं पथ्यें पाळावीं लागतात. पेटी उघडतांच कागद तारखेवार लावण्याची घाई करूं नये. ज्या क्रमानें ते ठेवलेले सांपडले तो क्रमही एक पुरावाच असतो, म्हणून प्रथम त्याची यादी करावी. गंजलेल्या टांचण्या हळूच काढाव्या. फाटलेल्या घडीला चिकटपट्टी लावूं नये आणि कागद प्लास्टिकांत कायमचा बंद करूं नये; पट्टीचा डिंक कागद खातो, आणि बंद केलेला कागद पुन्हां सोडवितां येत नाहीं. छायाचित्राच्या पाठीवर नांव लिहावयाचें तर मऊ शिसपेन्सिलीनें, कडेला लिहावें. पदक राखेनें किंवा चिंचेनें घांसूं नये, कारण प्रत्येक घांसणीबरोबर कडेवरील अक्षरें झिजतात. पुरांत भिजलेले कागद उन्हांत न टाकतां सावलींत, पंख्याच्या वाऱ्यावर, सुट्या कोऱ्या कागदांच्या मध्यें वाळवावे.

याहूनही महत्त्वाचें काम म्हणजे कागदाबरोबर त्याची हकीकत लिहून ठेवणें. हें पदक कोणाचें, त्याचें घराण्याशीं नातें काय, तें कोणाकडून कोणाकडे आलें, या छायाचित्रांत डावीकडून तिसरा कोण, हें सांगणारी आजी आज घरांत असेल तर तिचें बोलणें आजच टिपून घ्यावें. ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत दुसऱ्या महायुद्धांतील पुष्कळ शिपायांच्या नांवापुढें बापाचें नांव, पत्नीचें नांव, गांव आणि सातारा जिल्हा असा उल्लेख येतो. पण गांवाचें नांव इंग्रजी कारकुनाच्या कानाला जसें ऐकूं आलें तसें लिहिलेलें असतें, आणि एकाच नांवाचे अनेक शिपाई असतात. त्यांतून आपला माणूस ओळखण्याची किल्ली म्हणजे घरच्या दाखल्यावरील नंबर. सरकारची वही आणि घरची पेटी एकत्र आल्यावरच संख्येचें पुन्हां माणूस होतें.

कागद द्यावयाचे कोठें, हा शेवटचा प्रश्न. दिल्ली येथील राष्ट्रीय अभिलेखागार खाजगी संग्रह स्वीकारतें. राज्याच्या पुराभिलेख खात्याचीं दप्तरें मुंबई, पुणें आणि कोल्हापूर येथें आहेत. बेळगांवच्या मराठा रेजिमेंटचें स्वतःचें संग्रहालय आहे, आणि जिल्ह्याचें सैनिक कल्याण कार्यालय माजी शिपायांच्या कुटुंबांना वाट दाखवूं शकतें. देतांना लेखी करार करावा : कागद दान दिले कीं सांभाळण्यास ठेवले, कोणी पाहावे, कुटुंबास नक्कल मिळेल कीं नाहीं, हें त्यांत स्पष्ट असावें. ज्या घराला मूळ वस्तु सोडवत नसेल त्यानें तिच्या दोन्ही बाजूंच्या स्वच्छ प्रतिमा तरी दप्तरखान्यांत द्याव्या. आजोबाचें पदक देव्हाऱ्याशेजारीं राहिलें म्हणून इतिहासाचें कांहीं बिघडत नाहीं. तें कोणाचें होतें हें पुसलें गेलें तर मात्र बिघडतें.

बसऱ्याच्या शिलेवर राहून गेलेलीं नांवें आतां तेथें कोरलीं जातील न जातील. परंतु त्यांतील कांहीं नांवें वारणेच्या खोऱ्यांत, पत्र्याच्या पेटींत, अद्यापि शाबूत असण्याचा संभव आहे. पुढल्या पावसाळ्यापूर्वीं तीं पेटींतून बाहेर काढून कोऱ्या कागदावर शाईनें लिहून घेणें, एवढेंच काम प्रत्येक घराकडे उरलें आहे.